भंगारातला आरसा

सहा वर्षं मी पार्किंगमध्ये घरच्या घरी स्पोर्ट्‌स कार बांधतोय. तिला सीट दोनच. आतला आरसा भंगारातल्या कुठल्याशा गाडीचा. रोज सकाळी तो खाली कललेला असतो. मी सरळ करतो, स्क्रू आवळतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बायकोने आत डोकावून पाहिलं. म्हणाली, "अहो, मागे लहान मूल बसलं की आरसा असाच ठेवतात."

वस्तूंनाही बघायची सवय लागत असावी. माणसं गेली तरी ती सुटत नसावी.

माझी मुलगी या गाडीच्याच वयाची. रोज विचारते, "बाबा, मी कुठे बसू?"

आज मी आरसा तसाच राहू दिला. त्यात मागचा रिकामा पत्रा दिसतो, आणि त्याकडे माझ्याआधीपासून कुणीतरी काळजीने बघतंय.