ऑर्व्हिलचा चौथा नियम

ऑर्व्हिल ट्रॅस्कच्या पायाला भिंगरी होती. एकतीस वर्षं त्याने आयोवातल्या क्लॅरिंडन गावात टपाल वाटलं, रोज अकरा मैल पायी. निवृत्त केलं तेव्हा या पायांचं आता करायचं काय, हे मात्र सरकारने त्याला सांगितलं नाही. त्यामुळे हा माणूस पोकरसुद्धा उभ्याने खेळायचा. 'बस रे बाबा' म्हटलं की बसायचा, आणि दोन पत्ते वाटून होईतो पुन्हा उभा.

पायांसारखंच तोंड. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरांबद्दलची त्याची मतं गावातल्या कुत्र्यामांजरांनाही पाठ होती.

"जोरात चेंडू काय, कोणीही फेकतो. हळू फेकायला छाती लागते. समोरचा बॅट परजून उभा आहे, आणि तुम्ही त्याच आविर्भावात, त्याच हाताने त्याला मऊ चेंडू देताय. तो आधीच बॅट फिरवून मोकळा. पोकरचंही तेच. हातात राजे असताना कोणीही दाणे पुढे सरकवेल. काही नसताना सरकवा, मग बघू."

दाणे म्हणजे राजम्याचे. लॉयल बर्गच्या हार्डवेअर दुकानामागच्या खोलीत रविवारी दुपारी दोनला डाव बसायचा. लॉयलच्या बायकोला पैसे लावलेले खपत नसत, म्हणून राजमा. खेळणारे चौघं: लॉयल, दातांचा डॉक्टर पीट हॅन्सन, ऑर्व्हिल आणि आर्डिथ नोवाक. आर्डिथचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्या जागी ती खेळायला आली आणि पहिल्याच महिन्यात तिघांनाही धुऊन काढलं.

भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ऑर्व्हिलच्या हातचे नियम होते. चौथा नियम त्याचा लाडका: दाणे एकाच झटक्यात पुढे, हात सुटला की परत नाही, दुसरी मूठ नाही. एकदा आर्डिथच्या हाती तीन राण्या आल्या. तिने एक मूठ पुढे केली, क्षणभर थांबली, मग दुसरी उचलली. ऑर्व्हिलने तिचं मनगट धरलं. "पहिलीच धरायची. बेसबॉलमध्ये पिचर फेकायला निघाला आणि मध्येच थांबला तर काय होतं? बेसवर उभा असलेला धावणारा फुकटात एक बेस पुढे. सुरू केलंस ना, मग पुरं कर." आर्डिथने तो डाव मूठभर दाण्यांवर जिंकला. मनगट त्याने जरा जास्तच वेळ धरलं होतं, हे पीटने पाहिलं.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये आर्डिथने घर विकलं. ॲरिझोनात बहिणीकडे कायमची निघाली होती, सोमवारी सकाळी सातला, स्वतःची गाडी चालवत. ऑर्व्हिलला ती जायला नको होती. तिच्यावर त्याचा जीव होता, अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं, आणि तिला 'राहा' एवढं म्हणायला त्याच्याकडे एकच रविवार उरला होता.

त्या रविवारी तो खोलीतल्या खोलीत मैलभर तरी चालला असेल. खिडकी, रेडिओ, टेबल, पुन्हा खिडकी.

"अरे बस, चक्कर येते तुझ्याकडे बघून," लॉयल म्हणाला.

"पाठ धरलीय."

"एकतीस वर्षं थैली वाहिलीस तेव्हा नाही धरली ती?"

रेडिओवर गावच्या संघाचा परगावचा सामना रंगला होता. शेवटचा टप्पा, धावा बरोबरीत, समोरच्यांचा माणूस तिसऱ्या बेसवर. आपला पिचर फेकायला निघाला आणि काय मनात आलं कोण जाणे, हात वर नेऊन थांबला. अंपायरने बोट दाखवलं. तिसऱ्या बेसवरचा माणूस रमतगमत शेवटच्या बेसवर चालत आला, फुकटची धाव. सामना गेला.

ऑर्व्हिल पिसाळलाच. "गाढव आहे. फेकायचंय की नाही ते हात उचलायच्या आधी ठरव ना. चेंडू चुकला असता तरी चाललं असतं मला. पण हे थांबणं?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान!

लॉयल आणि पीट पत्ते टाकून मोकळे झाले होते. डावात दोघंच उरली. आर्डिथने आपले सगळे दाणे दोन्ही हातांनी एका झटक्यात पुढे सारले.

"तुझी पाळी," ती म्हणाली.

ऑर्व्हिल चक्क खाली बसला. पत्ते पालथे ठेवले.

"आर्डिथ, उद्या..."

"उद्या काय?"

लॉयलने रेडिओ बंद केला. पीटने चष्मा काढला. ऑर्व्हिल पुन्हा उभा राहिला.

"उद्या निघण्याआधी टायरांतली हवा बघून घे. लांबचा पल्ला आहे."

आर्डिथ त्याच्याकडे बघत राहिली. "झालं तुझं?"

"झालं. पास."

तिने दाणे डब्यात भरले, डबा लॉयलकडे दिला आणि पर्स उचलली. दारात क्षणभर थांबली. "हात वर नेऊन थांबलास, ऑर्व्हिल. आता धावणारा पुढे. नियम तुझाच आहे."

सोमवारी साडेसहाला तो हवेचा पंप घेऊन घराबाहेर पडला. सरळ गेला असता तर दहा मिनिटांचा रस्ता. तिच्या गल्लीच्या तोंडाशी पोचला, तिची निळी गाडी दिसली, आणि पाय उलटे फिरले. आधी मनाशी वाक्य जुळवू, म्हणाला. मग जुन्या टपालाच्या वाटेने चालत सुटला: चर्च, शाळा, धान्याची कोठारं, नदीकाठ. प्रत्येक दारापाशी वाक्य म्हणून पाहिलं. नदीपाशी ते दोन शब्दांवर आलं: जाऊ नकोस. ते घेऊन तो जवळजवळ पळतच परतला.

सव्वाआठ झाले होते. गाडी नव्हती. शेजारच्या गुस्टाफसनबाई झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या पंपाकडे पाहिलं.

"अरे, आत्ता येतोस होय? सातपासून गाडीत बसून होती ती. आत्ताच गेली, पाच मिनिटं नसतील झाली. मी म्हटलं, बाई, उन्हाच्या आत निघ की. तर म्हणाली, ऑर्व्हिल हवा बघायला येणार आहे."

ऑर्व्हिलने मान हलवली. बाईंनी त्याला पायरीवर बसायला सांगितलं, आणि तो बसला. दुपारी टपालवाला आला तेव्हाही तो तिथेच बसलेला होता.