डाव्या बाजूची अक्षरं

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. पेठ आणि हरसूलकडच्या गाड्यांवर त्यांनी सगळी नोकरी काढली. घाटात इंजिनाचा कितीही आवाज असला तरी मागच्या बाकावरच्या माणसाला त्यांची हाक ऐकू जायची. निवृत्तीनंतर काही वर्षांनी घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला.

सुरुवातीला ते वहीत लिहून बोलायचे. पण आई स्वयंपाकघरात पाठमोरी असली की त्यांचं बोलणं तिच्यापर्यंत पोचायचंच नाही. मग ते स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचे. तो आवाज मला सहन व्हायचा नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात मशीनच्या कंट्रोल पॅनेलचे प्रोग्रॅम लिहिते. बाबांसाठी मी लिनक्सवर चालणारा एक छोटा संगणक घेतला. दोन्ही हातांत धरता येईल एवढा, खाली बटणांचा कीबोर्ड, वर पडदा. त्यात मी मराठी वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बसवला. बाबा टाइप करायचे आणि यंत्र ते मोठ्याने म्हणायचं. आवाज कोरडा होता, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा, पण आईला ऐकू जायचा. बाबा उजव्या हाताच्या एका बोटाने बटण शोधत टाइप करायचे. पंधरा दिवसांत ते भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागले.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी यंत्र म्हणालं, "दन पळ्या."

दोन पोळ्या. आई हसली. बाबांनी यंत्राच्या पाठीवर थाप मारली आणि परत टाइप केलं. पुन्हा "दन पळ्या". ओकार उठत नव्हता.

मराठी कीबोर्डवर काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला असतात आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. ओकाराचं बटण अगदी डावीकडच्या टोकाला. मी ऑफिसला निघण्याआधी ते चारपाच वेळा दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी नीट उठलं. अधूनमधून येणारा दोष सगळ्यात वाईट, हे मी आमच्या धंद्यात शिकले होते. बघणारा आला की तो लपतो.

चार दिवसांनी "जेवण"चं "जवण" झालं. म्हणजे डावीकडून दुसरी उभी ओळही गेली. आणखी तीन दिवसांनी "चहा"चा "चह". तिसरी ओळ. बटणांच्या प्रत्येक उभ्या ओळीला आत एक वेगळी तार असते. एकेक तार टोकाकडून सुटत आत यावी, तसा हा दोष डावीकडून उजवीकडे सरकत होता. मला भीती वाटायला हवी होती. मला उत्साह वाटला. इतका शिस्तीचा दोष क्वचित सापडतो.

रविवारी मी डायनिंग टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून यंत्र उघडलं. कीबोर्डपासून मुख्य बोर्डापर्यंत जाणारी चपटी रिबन केबल खरंच थोडी तिरकी बसली होती, आणि तिच्या एका टोकाला काळपट थर होता. मी तो पुसला, केबल नीट बसवली. इंटरनेटवर त्याच यंत्राच्या एका मालकाने लिहिलं होतं की कीबोर्डच्या फर्मवेअरमध्येच चूक आहे, हलक्या बोटाने दाबलेली बटणं त्याला कळतच नाहीत. फर्मवेअर म्हणजे कीबोर्डच्या चिपमध्ये कायमचा बसवलेला प्रोग्रॅम. मी नवीन फर्मवेअर चढवायला घेतलं, मध्येच लाइट गेली, राउटर बंद पडला, घाईत माझ्याकडून चुकीची फाइल गेली आणि कीबोर्ड पूर्ण मेला. तो परत जिवंत करेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली.

तो दीड दिवस बाबा पुन्हा वहीवर आले. त्यांनी आईला किराण्याची यादी लिहून दिली. सगळी यादी पानाच्या उजव्या अर्ध्या भागात होती, डावा अर्धा कोरा. आईने ते मला दाखवलं. मी म्हटलं, हिशेबाच्या पत्रकांवर नोकरी काढली त्यांनी, रकाना सोडायची सवय असेल. त्याच दिवशी जेवताना त्यांच्या ताटातली चटणी आणि कोशिंबीर तशीच राहिली. भाजी, आमटी, भात संपला होता. मी धरून चालले की घशाला तिखट लागत असेल.

ताट उचलताना आई म्हणाली, "तू त्या मशीनचं काय ते बघ. पण मला वाटतं ह्यांचंच काहीतरी बिनसलंय."

"आई, केबल तिरकी होती, मी डोळ्यांनी बघितलीय," मी म्हणाले.

ती ताट घेऊन आत गेली. यंत्रातलं मला कळतं आणि तिला कळत नाही, हे आमच्या घरात ठरून गेलेलं होतं.

केबल बसली, फर्मवेअर नवीन झालं, आणि दोष वाढला. आता बाबांच्या वाक्यांत जवळजवळ एकही काना-मात्रा उरली नाही. यंत्र नुसती व्यंजनं म्हणायचं. ते ऐकताना कुणीतरी उशीत तोंड खुपसून बोलतंय असं वाटायचं. विचित्र म्हणजे बाबा चिडेनासे झाले होते. पहिल्यांदा थाप मारणारे, परत परत टाइप करणारे बाबा आता एकदा टाइप करून खिडकीकडे बघत बसायचे. दुपारभर झोपायचे. मी माझ्या वहीत दोषाचे नमुने लिहून ठेवत होते. त्यातला एक नमुना सारखा यायचा, "डक दखत". केबल बसवल्यावर, फर्मवेअर बदलल्यावर मी तोच पुन्हा ऐकू येतो का ते तपासायची. यायचा.

शेवटी मी यंत्रात एक छोटा प्रोग्रॅम टाकला. कोणतं बटण कधी दाबलं गेलं, किती वेळ दाबलं, संपर्क नीट झाला की अर्धवट, हे सगळं तो एका फाइलमध्ये लिहून ठेवत होता. दोन दिवसांची ती फाइल मी ऑफिसला घेऊन गेले आणि चहाच्या सुट्टीत उघडली.

उजवीकडच्या बटणांच्या हजारो नोंदी होत्या. डावीकडच्या ओळींत शून्य. मी दचकले ती त्या शून्यामुळे. तार सुटत असेल, बटण झिजलं असेल, तरी काहीतरी दिसतं, अर्धवट स्पर्श, थरथर, चुकीचं अक्षर. बिघडलेलं बटणसुद्धा दाबलं गेल्याची खूण ठेवतं. इथे खूणच नव्हती. अपवाद एकच, फाइलच्या अगदी शेवटी मी सकाळी तपासणीसाठी टाइप केलेली एक ओळ होती. तिच्यात डावीकडची सगळी अक्षरं जागच्या जागी होती.

यंत्र चांगलं होतं. बाबा ती बटणं दाबतच नव्हते.

मी फाइल पुन्हा वरपासून वाचायला लागले, या वेळी दोष म्हणून नाही, बोलणं म्हणून. "डक दखत" तिच्यात अकरा वेळा होतं. माझ्या वहीत मी त्याच्यासमोर दर वेळी दोष कायम असल्याची खूण करत आले होते. काना, मात्रा, उकार मनात भरत मी ते वाचलं.

डोकं दुखतं.

कुणाला न सांगता मी स्कूटर काढली. सिडकोतल्या आमच्या घरी पोचायला पंधरा मिनिटं लागली असतील. बाबा हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वळवली नाही. मी हात हलवला. काही नाही. मी उजवीकडे गेले तशी त्यांची नजर माझ्यावर आली आणि ते हसले, मी आत्ताच आल्यासारखे. मी त्यांच्या हातात यंत्र दिलं आणि म्हटलं, "बाबा, सगळ्यात डावीकडचं बटण दाबा." त्यांचं बोट सरकत सरकत कीबोर्डच्या मध्यापर्यंत आलं आणि थांबलं. त्यांनी ते बटण दाबलं, आणि जमलं ना, अशा अर्थाने माझ्याकडे पाहिलं.

मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की डोक्याला कधी मार लागला होता का. मी नाही म्हणणार होते. आई म्हणाली, महिन्यापूर्वी आम्ही दोघं हरसूलला लग्नाला गेलो होतो, येताना गाडी खड्ड्यात आदळली आणि ह्यांचं डोकं खिडकीच्या दांडीला लागलं. टेंगूळसुद्धा आलं नाही म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त साठलेलं दिसलं. ते थेंबथेंब साठत मेंदूला दाबत होतं, आणि उजवा भाग दाबला गेला की माणसाची डावीकडची दुनिया पुसली जाते, असं डॉक्टरांनी समजावलं.

"त्यांना दिसत नाही असं नाही," ते म्हणाले. "डावी बाजू असते हेच त्यांना आठवत नाही. म्हणून काही राहून गेलंय असंही वाटत नाही. आणखी आठवडाभर थांबला असतात, तर शुद्धच हरपली असती."

त्याच संध्याकाळी कवटीला भोक पाडून रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी यंत्र मागितलं. मी ते पलंगावर ठेवलं आणि बघत राहिले. बोट हळूहळू डावीकडे गेलं. यंत्र म्हणालं, "भूक लागली." उकार, काना, वेलांटी, सगळं होतं. आई बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली.

घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, केबल, फर्मवेअर, नोंदींची फाइल. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि बराच वेळ टाइप केलं. "मी अकरा वेळा सांगितलं आणि तू ते मशीनला विचारत बसलीस. आता माझं बोलणं लिहून ठेवायचं बंद कर. मी आणि तुझी आई काय बोलतो ते कुणी मोजायचं नाही."

मी त्यांच्यासमोर ती फाइल पुसली आणि प्रोग्रॅम बंद केला असं सांगितलं.

तो बंद केलेला नाही. शब्द आता साठत नाहीत, तेवढं मी पाळलं आहे. पण डॉक्टर म्हणाले होते की रक्त पुन्हा साठू शकतं. म्हणून डावीकडची बटणं दिवसभरात किती वेळा दाबली गेली, एवढा एकच आकडा रोज माझ्या फोनवर येतो. सकाळी चहा टाकण्याआधी मी तो बघते. काल तो परवापेक्षा कमी होता. परवा दुपारी पाहुणे होते, बाबा जास्त बोलले होते, त्यामुळेच असेल. आजचा अजून यायचाय.