फी न घेणाऱ्याच्या टोप्या

आमच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. त्याचा वरचा खण उघडला की टोप्या अंगावर पडायच्या. मी स्वतः आयुष्यात टोपी वापरलेली नाही. केस होते तेव्हा केसांचा तोरा होता, आणि ते गेल्यावर टोपी का आली हे लोकांना लगेच कळलं असतं. तरी टोप्या माझ्याच. तीच माझी कमाई होती.

मी हिंगोलीत घरकर्जाची कामं करतो. घर घेणारा माणूस आणि बँक यांच्या मधला माणूस म्हणजे मी. कागद गोळा करायचे, फाइल लावायची, साहेबांच्या मागे लागायचं आणि कर्ज मंजूर करून आणायचं. बँक मला त्याचं कमिशन देते. गिऱ्हाईकाकडून मी काही घेत नव्हतो, आणि ही गोष्ट ज्याला त्याला, न विचारता, सांगत होतो. चहाच्या टपरीवर बाकीचे एजंट फीवरून वाद घालत बसले की मी खाकरून म्हणायचो, "आपण तर बुवा एक रुपया घेत नाही." त्यावर सगळे गप्प व्हायचे. मला वाटायचं, आदरानं गप्प होतात.

गिऱ्हाईकं मात्र उपकार विसरायची नाहीत. घर झालं की वास्तुशांतीचं आमंत्रण यायचं आणि मांडवात पुढे बसवून नारळ, टॉवेल आणि पांढरी टोपी देऊन माझा सत्कार व्हायचा. सेनगाव, औंढा, कळमनुरी, सगळीकडच्या टोप्या माझ्याकडे जमल्या. बायको शिलाईचं काम करते. तिनं एकदा तो ढीग पाहून विचारलं, "ह्यायची भाजी करू का आमटी?" मी तिला सेवाभाव म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मशीन चालू होतं, त्यामुळे तिला किती ऐकू गेलं माहीत नाही.

लोकांना घरं मिळवून देणारा मी स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मागच्या उन्हाळ्यात घरमालकानं सांगितलं, मुलाचं लग्न ठरलंय, दिवाळीपर्यंत खोल्या मोकळ्या करा. दुसऱ्या दिवशी बायको मला घेऊन थेट बायपासकडच्या नव्या वस्तीत गेली आणि एका छोट्या घरासमोर उभी राहिली. पुढची खोली चांगली उजेडाची होती.

"हितं मशीन बसंल," ती म्हणाली. "आता दुसऱ्याच्या घरातून सामान हलवणं माझ्याच्यानं व्हत न्हाई."

तिनं लग्नापासून माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून मला आनंद होण्याऐवजी भीतीच वाटली. तरी इसार दिला आणि रुबाबात म्हणालो, "कर्जाची काळजी करू नको. तुझा नवरा कोण आहे?"

नवरा कोण आहे ते बँकेत कळलं. ज्या साहेबांच्या टेबलावर मी वर्षानुवर्षं फायली ठेवल्या, त्यांनी माझी फाइल चाळली आणि विचारलं, "उत्पन्न कुठंय?" कमिशन एखाद्या महिन्यात यायचं, मग दोन-दोन महिने गायब. बाकी दाखवण्यासारखं काही नव्हतं, आणि टोप्यांचं रिटर्न भरता येत नाही. "लोकांकडून काहीच घेत नाही तुम्ही?" साहेबांनी विचारलं. मी सवयीनं, छाती काढून, "नाही" म्हणालो. त्यांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली.

घरी काय सांगावं ते सुचेना. "प्रोसेसमध्ये आहे," असं म्हणालो. हे वाक्य मी गिऱ्हाईकांना ऐकवत असतो. बायकोनं ते फोनवर इतक्यांदा ऐकलं होतं की तिला अर्थ लगेच कळला.

अशात डोंगरकडा गावच्या एका गुरुजींच्या वास्तुशांतीला आम्ही जोडीनं गेलो. त्यांचं कर्ज मीच करून दिलं होतं. मांडवात माझ्या शेजारी एक अनोळखी माणूस बसवला होता. मला टॉवेल-टोपी दिली. मग त्यालाही दिली. मला ते मुळीच रुचलं नाही. जेवायला बसल्यावर हे कोण, असं विचारलं तर गुरुजी कौतुकानं म्हणाले, "हे कळमनुरीचे. कर्जाचंच काम करतात. तुमी फाइल केली न, ती आमी यांच्याकडून तपासून घेतली. फी घेतात, पण काम एकदम बराबर."

"काहून?" माझ्या तोंडून निघालं. "मी तर फुकट करून देऊन राहिलो होतो!"

"म्हणूनच तर," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात टिंगल नव्हती, तेच जास्त लागलं. "तुमाला पैसे बँक देते. मंजी तुमी बँकेचे माणूस. आमचा बी एखादा माणूस पायजे का न्हाई? कर्जाला विमा चिकटवला होता, तो यांनी रद्द करायला लावला बगा."

विम्याचं मला माहीत होतं. तो सक्तीचा नाही हेही माहीत होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं. मी मान खाली घालून वरणात पोळी कुस्करत बसलो. पलीकडच्या पंगतीत बायकोनं सगळं ऐकलं होतं.

परतीच्या जीपमध्ये ती म्हणाली, "आपली फाइल त्या माणसाला दाखवा."

"अगं, मी स्वतः याच धंद्यात असताना..."

"तुमचं फुकटातलं झालं की करून."

गेलो. एकाच धंद्यातले म्हणून तो फी सोडेल अशी मनात आशा होती. मी सोडलीच असती, आणि वर चहाही पाजला असता. त्यानं आधी फी सांगितली, बँकेकडून त्याला किती मिळतं तेही सांगितलं. बायकोनं मोबाइलवरून तिथल्या तिथे पैसे पाठवले, तेव्हा कुठे त्यानं फाइल उघडली. ती वाचून झाल्यावर तो माझ्याकडे न बघता तिच्याकडे वळला.

"वहिनी, तुमी काय काम करता?"

"शिलाई. ब्लाउज, फॉल-पिको, शाळांचे गणवेश."

"पैसे कसे घेता?"

"कापड हातात घेतानाच घेते. नणंदेकडून बी घेते."

पैसे तिच्या खात्यात येत होते. गणवेशाच्या कामासाठी लागतं म्हणून ती दरवर्षी रिटर्नही भरत होती. मला हे सगळं ठाऊक होतं, मी तिचा नवरा आहे. पण आजवर लावलेल्या प्रत्येक फाइलवर पहिलं नाव पुरुषाचं आणि बाईपुढे 'गृहिणी' लिहायची हाताला सवय लागलेली. आमच्या फाइलवरही मी तेच लिहिलं होतं. जिच्या मशीनच्या आवाजात मी रोज दुपारी घोरतो, तिला मी गृहिणी लिहून आलो होतो! मला मनापासून लाज वाटली.

"अर्जदार वहिनी," तो म्हणाला. "तुमी सहअर्जदार."

बायकोच्या कमाईवर कर्ज मंजूर झालं. दिवाळीच्या आत आम्ही घरात आलो आणि पुढच्या खोलीत मशीन बसलं. वास्तुशांतीला बायकोनं कपाटातल्या सगळ्या टोप्या पाहुण्यांना वाटून टाकल्या. सेनगावच्या एका जुन्या गिऱ्हाईकाला त्याचीच टोपी परत गेली असावी, कारण त्यानं कापडाची फार तारीफ केली.

त्यानंतर सेनगावकडच्या गोरेगावचा एक दुकानदार आला. खुर्चीवर बसता बसता म्हणाला, "तुमी काई घेत न्हाई म्हणं?"

मशीन थांबलं. याचं उत्तर मी दाढी करताना आरशापुढे घोटलं होतं. "घेतो," मी म्हणालो. फी सांगितली, बँक काय देते तेही सांगितलं, आणि तो उठून जाईल म्हणून दाराकडे बघत बसलो.

तो उठला नाही. उलट खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, "मग आता खरं सांगा. एवढं कर्ज आमाला झेपंल का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी त्याचे कागद पहिल्यापासून पुन्हा वाचले. कर्ज जितकं मोठं तितकं माझं कमिशन मोठं, हे डोक्यात होतंच.

"एवढं नको," मी म्हणालो. "वरचा मजला सध्या सोडा."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. त्यालाही हेच ऐकायचं होतं बहुतेक. जाताना दारात थांबून हात जोडून म्हणाला, "घर झालं की वास्तुशांतीला यायचंच बरं का. टॉवेल-टोपी करू तुमची."

मी भरून येऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "टोपी नको दादा. फी तेवढी आजच ठेवून जा."