बटण बंद होते

नवरात्रापूर्वीची घरसफाई सुरू झाली, की ते प्रकरण अजूनही डोळ्यांपुढे उभे राहते. एकोणीसशे पन्नासचे दशक होते. पिंपरीला नुकते कारखाने येऊ लागले होते आणि कामगारांच्या चाळींत विजेचे नवे कौतुक होते. मी तिथल्या चौकीवर फौजदार होतो.

एका सकाळी चाळीतून निरोप आला, विजेचा धक्का बसून एक बाई गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर पडली होती. वर दिव्याची वायर लोंबत होती, बल्ब काढून फळीवर ठेवला होता आणि तिच्या हातात ओले फडके होते. चुलीच्या धुराने काळा झालेला होल्डर ती आतून पुसत होती. पंचनाम्यात मी लिहिले, बटण बंद.

अकस्मात मृत्यूची नोंद करून प्रकरण मिटले असते. पण दुपारी पुनावळ्याहून तिचा भाऊ आला. शेजारणीने भिंतीपलीकडून ऐकलेले त्याच्या कानावर घातले होते. दसऱ्याला माहेरी जाण्यावरून त्याच सकाळी नवरा-बायकोचे कडाक्याचे भांडण झाले होते.

"सायेब, त्यानंच मारली माझ्या बहिणीला," भाऊ म्हणाला. "बटन दाबून मारली."

नवऱ्याला आणले. कारखान्यात ओझी उचलणारा अबोल माणूस होता.

"भांडण झालं होतं?"

"व्हय."

"बटण कोणी बंद केलं?"

"म्याच. तिला म्हनलं, बंद केलंय, आता पूस."

"मग करंट आला कुठून?"

"ठावं न्हाई, सायेब."

खुनाचा गुन्हा नोंदवून रिमांड घेतला. चार दिवस तो तेच सांगत राहिला. बटण बंद करायला विसरलो, एवढे म्हणाला असता तर अपघात म्हणून सुटला असता. त्याच्या खरेपणानेच तो गोत्यात आला होता. बटण बंद तर वीज नाही, यात मला काडीचीही शंका नव्हती. तिचा हात होल्डरमध्ये असताना याने बटण चालू केले आणि मग बंद करून ठेवले, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. तो फासावर जाऊ शकत होता.

कागद पुरे करायचे म्हणून विजेच्या खात्याचा वायरमन त्या खोलीवर बोलावला. भाऊही आला होता. वायरमनकडे दोन मोकळ्या तारा जोडलेला एक बल्ब होता. तो भावाच्या हाती देत वायरमन म्हणाला, "धर रे जरा." मग एक तार त्याने जमिनीत जाणाऱ्या नळाला बांधली आणि दुसरी होल्डरमध्ये टेकवली.

बटण बंद होते. भावाच्या हातातला बल्ब लख्ख पेटला.

"बटण चुकीच्या, परतीच्या तारेवर बसवलंय," वायरमन म्हणाला. "दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत वीज तशीच उभी असते. बटणानं नाही, मेन स्विचनं बंद करावं लागतं. कुणी केलंय हे वायरिंग?"

भाऊ म्हणाला, "म्या. भाऊबीजंला ताईला ववाळणी म्हनून ह्यो दिवा लावून दिला व्हता. दिवा लागत व्हता, विझत व्हता. मला वाटलं, झालं काम."

तो तिथेच खाली बसला. बल्ब त्याच्या हातून काढून घ्यावा लागला.

मी नवऱ्याची कोठडी स्वतः उघडली आणि तारेची चूक सांगितली. तो म्हणाला, "त्याला कळू देऊ नका, सायेब. लई जीव व्हता त्याचा बहिणीवर."

भावाला ते कळलेच आहे, हे मी अजून बोललो नव्हतो. मला शरम वाटली. चार दिवसांत मी पन्नास प्रश्न विचारले होते. वायरिंग कोणी केले, हा एक राहिला होता. मला जे पक्के ठाऊक आहे असे वाटते तेच आधी तपासायचे, हे मी तिथे शिकलो. त्या आठवड्यात माझ्या सरकारी क्वार्टरमधली बटणे तपासून घेतली. तीनपैकी दोन चुकीच्या तारेवर होती, आणि माझी बायको दर दिवाळीला होल्डर पुसत असे.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा भावावर नोंदवणे माझे काम होते, ते मी केले. कलम जामिनाचे होते. जामीन कोण राहणार, असे मी भावाला विचारले. दारात उभा असलेला त्याचा दाजी पुढे आला आणि त्याने शाईत अंगठा बुडवला.