डावा हात

नळाजवळच्या हरळीत परवा सापाची कात सापडली. पातळ, कोरडी, कांद्याच्या सालीसारखी. त्याच संध्याकाळी मी बाजारातून लांब दांड्याचं खुरपं आणलं. बागेतलं गवत उभ्यानं, दूर राहून काढता यावं, एवढंच मला हवं होतं.

शेजारच्या मळ्यात भांगलायला जाणाऱ्या शेवंताबाईंनी ते हातात घेऊन पाहिलं. "ह्येनं नुसतं वरनं कापतंय, वैनी. मुळी आतच ऱ्हाती. हरळीला आखूड खुरपं पायजे, आन् खाली बसाय पायजे." त्यांनी आपलं खुरपं माझ्या हातात दिलं आणि मला गवतापाशी बसवलं.

बसल्यावर कळलं. पातं उजव्या हातात असतं, पण गवताची मूठ धरायला डावा हात आधी आत जातो. सगळ्याच कामांत असं असतं की काय? हत्यार मागे राहतं, आणि जिथलं काही दिसत नाही तिथे रिकामा हात पुढे होतो.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटती की. म्हणून तर आदी ठोकायचं." माझ्या हातातलं खुरपं घेऊन त्यांनी त्याच्या मुठीनं जमिनीवर तीनदा ठोकलं.

वारा नव्हता, तरी केळीपाशी गवत हललं. काहीतरी लांबलचक सळसळत कुंपणाबाहेर गेलं.

"गेला," खुरपं परत देत त्या म्हणाल्या. "आता घाला हात."

माझा डावा हात मांडीवरून उचलेना. एक गेला, हे आम्ही दोघींनी पाहिलं होतं. एकच होता, हे कोणी पाहिलं होतं?