रिसीव्हर ज्याच्या हातात

वडीगोद्रीच्या फाट्यावर तेव्हा एकच इंटरनेटवाला होता. फोनची लाइनही एकच, त्यामुळं त्यानं रिसीव्हर उचलला की इंटरनेट तुटायचं. हा गडी सुपारी कातरत पाठीमागं उभा राहायचा आणि गिऱ्हाइकांची पत्रं खुशाल वाचायचा.

एकदा मी आमच्या सरपंचाची तक्रार पेपरला पाठवत होतो. गावात टँकर येत नव्हता. सरपंच ह्याचा मेहुणा. ह्यानं शांतपणे रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"इंटरनेट काय तुझ्या बापाचं आहे?" मी ओरडलो.

"न्हाई गुरुजी. पन लाइन माझी हाये ना."

इंटरनेटचा मालक कोण, यावर तेव्हा देशोदेशीचे पुढारी परिषदा भरवत होते. शहाणे कुठले!

मी मुकाट्यानं तक्रार पुसली. त्यानं रिसीव्हर खाली ठेवला.

"आता लिहा, गुरुजी. बराबर जाईल."