मामांना केबिनमध्ये बोलावलं

आमच्या घरात सरळ बोलायची पद्धत नव्हती. बायकोला माझ्याकडून काही हवं असलं की ती मुलाला म्हणायची, "तुझ्या बाबांना विचार, गॅसचा नंबर लावायचाय की चूल मांडू?" मी समोरच बसलेलो असायचो. मीही मुलालाच सांगायचो, "आईला सांग, सकाळीच लावला." मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचा, "दोघांनाही ऐकू आलंय." पुढे तो नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि बदलापूरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं उरलो. भांडण कधी झालं नाही. बोलणं तेवढं आटत गेलं.

त्याच सुमारास मी नोकरी सोडून कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी अभ्यासक्रम तयार करायला घेतला. काम कसं वाटून द्यावं, माणसं कशी सांभाळावीत, चूक कशी सांगावी, असा. मुलाच्या रिकाम्या खोलीत बसून मी एकेका निकषाला गुण ठरवत असे. बेरीज शंभर झाली की थांबायचो, आणि मग एखादा आकडा खटकायचा म्हणून सगळं पुन्हा मांडायचो. चूक सांगण्याचा निकष मी असा लिहिला: संबंधित व्यक्तीला, एकांतात, समोरासमोर, स्पष्ट शब्दांत. तो सक्तीचा केला. त्यात नापास तो सगळ्यात नापास.

अभ्यासक्रमाला मान्यता मिळाल्याशिवाय कारखाने माणसं पाठवणार नव्हते. म्हणून मान्यता देणाऱ्या संस्थेच्या परीक्षक बाई अंबरनाथच्या एका कारखान्यात आल्या. चाचणीपुरता माझा अभ्यासक्रम केलेल्या तिथल्या एका सुपरवायझरला त्या प्रत्यक्ष काम करताना बघणार होत्या. तो शहाडचा, तिशीतला. त्याच्या हाताखाली पालेगावचे एक जुने कामगार होते. सगळे त्यांना मामा म्हणत, आणि ते या सुपरवायझरला भाच्या म्हणत.

त्या दिवशी मामांनी तपासलेल्या मालाचे क्रेट न तपासलेल्यांना चिकटवून ठेवले होते. सुपरवायझरने ते पाहिलं आणि पलीकडच्या हेल्परला हाक मारली, "काय रे, हे क्रेट सोयरे आहेत का एकमेकांचे? मांडीला मांडी लावून बसलेत."

मामा हसले. "मंग? पंगत बसलीय," म्हणत उठले आणि क्रेट स्वतःच वेगळे केले.

मला वाटलं, काम झालं. बाईंनी मात्र पेन बंद केलं. "ज्याला सांगायचं त्याला त्यांनी सांगितलंच नाही."

"मामांना समजलं ना," मी म्हणालो. "आमच्याकडे मोठ्या माणसाला असंच सांगतात. लेकी बोले सुने लागे."

"असेल. पण निकष तुम्हीच लिहिलाय. बदलायचा असेल तर बदला, मग सगळा अभ्यासक्रम पुन्हा तपासणीला येईल. नाहीतर जेवणानंतर त्यांना आणखी एक संधी देते."

मी सुपरवायझरला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "सर, मामांना केबिनमध्ये बोलवायचं म्हणजे मेमो दिल्यासारखं होईल."

"दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. "सगळं त्यावर अडलंय."

त्याने बोलावलं. मामा टोपी काढून उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. सुपरवायझरने निकषाबरहुकूम सांगितलं: चूक कोणती, तिचा परिणाम काय, पुढे काय अपेक्षित आहे. आवाज चढला नाही, एक शब्दही वावगा गेला नाही.

"चुकला माझा," मामा म्हणाले. "परत नाय होनार, साहेब."

बाईंनी पूर्ण गुण दिले. मी स्वतः दिले असते तर तेवढेच दिले असते.

महिन्याभराने मान्यतेचं पत्र आलं. सुपरवायझरचं प्रमाणपत्र द्यायला मी कारखान्यात गेलो तेव्हा चहाची सुट्टी होती. मामा चार जणांत बसून कुणाची तरी टिंगल करत होते. सुपरवायझर स्टोअरच्या दाराशी एकटाच कप घेऊन उभा होता. त्याने प्रमाणपत्र वाचलं आणि घडी पडणार नाही असं फाइलमध्ये ठेवलं.

"मामा ठीक आहेत?" मी विचारलं.

"एकदम. क्रेट आता कधी चुकत नाहीत." मग तो म्हणाला, "अजून साहेबच म्हणतात. मी म्हटलं, मामा, भाच्या म्हणा की. तर म्हणाले, बरं साहेब."

अभ्यासक्रमात त्यावर धडा नव्हता.

स्टेशनवरून शेअर रिक्षाने घरी आलो. मान्यतेचं पत्र सकाळी टेबलावर ठेवून गेलो होतो, ते बायकोने वाचलं होतं. मी हातपाय धुऊन बसलो आणि वाट पाहत राहिलो. पूर्वी असतं तर ती मुलाला म्हणाली असती, "बघ, तुझे बाबा आता सगळ्या जगाला बोलायला शिकवणार. घरी कधी शिकवणार, विचार त्यांना." आणि मग आम्ही तिघंही हसलो असतो.

ती स्वयंपाकघरातून आली. माझ्यासमोर उभी राहिली, माझ्याकडे बघून म्हणाली, "पत्र वाचलं. छान झालं."

"हो," मी म्हणालो.

तिने पान वाढलं.